कुणाच्या तळघरात?

"कुणाच्या तळघरात लपवलं होतं तिला?" क्रँडलने पुन्हा विचारलं.

असाहेल व्हिटकोम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभा होता. एरवी याच कोर्टात तो वकिली करायचा. या खेपेला तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, निवडणुकीत उतरला होता आणि त्याच्या विरोधात होता हाच सरकारी वकील, जोसाया क्रँडल. ओहायोतलं ते सरोवराकाठचं अख्खं गाव आज कोर्टात लोटलं होतं.

"रोझेटा गुलाम होती, केंटकीच्या मळ्यातून पळून आली," असाहेल म्हणाला. "माझ्या गाडीतून मीच तिला धक्क्यावर नेलं. आता ती पलीकडे कॅनडात आहे, पळालेल्या गुलामांना धरून देण्याचा तुमचा कायदा तिथं पोचत नाही. माझा गुन्हा खुशाल लिहून घ्या."

"त्याआधी ती कुणाच्या घरी होती?"

"ते सांगणार नाही."

"घाबरलास?"

"घाबरलो असतो तर केव्हाच सांगितलं असतं."

हशा पिकला. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. "नाव सांगा, नाहीतर तुरुंगात जा. तोंड उघडेपर्यंत तिथंच राहाल."

असाहेलच्या पक्षाचा म्होरक्या एबनर कठड्यावरून वाकला. "अरे बाबा, परक्याच्या तळघरापायी हातातली जागा घालवतोस? गजाआडच्या माणसाला मत कोण देणार? सांगून मोकळा हो!"

"जागा गेली तर गेली," असाहेल सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "ज्या कायद्यापायी शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरून द्यायचं, तो कायदा मी पाळणार नाही. आज नाही, निवडून आलो तरी नाही."

त्याने आपणहून शिपायापुढे हात केले. बेड्या पडल्या.

क्रँडल खूश झाला. "म्हणजे निवडणूक आटोपली म्हणायची, वकीलसाहेब!"

तेवढ्यात बायकांच्या बाकावरून एक बाई उठली. क्रँडलची बायको, लिडिया. तिला पाहताच असाहेलचा चेहरा उतरला. इतका वेळ न डगमगलेला त्याचा आवाज कापला. "बसा, मिसेस क्रँडल. मी विनवतो तुम्हाला, खाली बसा."

"तुम्ही तुरुंगात जायचं आणि मी घरी जाऊन स्वयंपाक करायचा? नाही जमायचं मला ते."

मग ती नवऱ्याकडे वळली.

"आपल्या, जोसाया. आपल्या तळघरात."