बोटावरचं पाखरू

“अरे, श्वास तरी घे! बसल्या बसल्या गेलास तर मला कळायचंसुद्धा नाही,” नेडीन जाळीच्या दाराआडून म्हणाली.

डेल्बर्टने बायकोकडे मान वळवली नाही. लाल रंगावर पाखरं येतात म्हणून नातवाची लाल टोपी घालून तो पोर्चच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसला होता. पाखरांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या बाकी बाटल्या त्याने दुपारीच काढून ठेवल्या होत्या. उरलेली एक हातात धरली होती. फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा हमिंगबर्डने एकदा तरी आपल्या बोटावर बसावं, एवढीच त्याची हौस. चार उन्हाळे गेले, पाखरू काही बसलं नव्हतं. ऐन वेळी याला शिंक तरी यायची, नाहीतर नाक तरी खाजायचं.

ऊन टेकडीपलीकडे उतरलं. कुंपणापाशी ससा येऊन बसला, गवतात दोन-चार काजवे लुकलुकले. आणि एक हमिंगबर्ड आली. हिरवीगार, अंगठ्याएवढी. घूंऽऽ करत टोपीभोवती फिरली, मागे सरली, पुन्हा आली. नेडीनला हसू फुटलं, ते तिने ॲप्रनचा बोळा तोंडावर धरून दाबलं.

मग तिला घेवड्याच्या वाफ्यात हरणी दिसली.

त्या शेंगा शनिवारी काउंटीच्या जत्रेत स्पर्धेला मांडायच्या होत्या. गेल्या वर्षी शेजारच्या इमोजीनने पहिल्या नंबरची निळी फीत पटकावली आणि वर्षभर चर्चमध्ये मिरवली. यंदा नेडीनने शेंगा तळहातावरच्या फोडासारख्या जपल्या होत्या. हरीण दिसलं रे दिसलं, की पातेलं बडवत बाहेर धावायचं हा तिचा नेम. पातेलं आणि डाव दाराशीच टांगलेले असत. तिने ते उचललेसुद्धा.

तेवढ्यात पाखराने डेल्बर्टच्या बोटावर पाय टेकले आणि पंख मिटले.

सत्तरीचा बाप्या, पण चेहरा सहा वर्षांच्या पोराचा झाला होता. इतका खूश तो तिला स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता.

हरणीने पहिली वेल ओढली. नेडीन डाव उगारून तशीच उभी राहिली. हरणी दुसऱ्या वेलीकडे वळली, तेव्हा तिने पातेलं हळूच पोटाशी धरलं.

“खा बाई,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, “पण आवाज करू नकोस.”