रणजीतची लायब्ररी

सानपाड्याच्या रणजीतनं लिहिलेली कोडची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जगभरातले प्रोग्रामर फुकट वापरायचे. वेबसाइटवर कुणी बटण दाबलं, काही लिहिलं, की बाकीची कामं न थांबवता ती घटनेचा प्रकार तपासून योग्य जागी कळवायची. ब्रेन स्ट्रोकनंतर रणजीतला अक्षरं लागेनात, म्हणून बायको राजलक्ष्मी कोड वाचून दाखवायची. आज तिनं तक्रार आलेली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली, तरी त्याला चूक सापडेना. ब्राझीलच्या एका मुलीनं मात्र ती दुरुस्त करून पाठवली होती. राजलक्ष्मीनं तीही वाचून दाखवली. “तिचं बरोबर आहे,” तो म्हणाला, “लायब्ररी तिलाच देऊन टाक.” “अहो, लेकीसारखी जपलीत!” “म्हणूनच. माझ्या हातात मरेल ती.” राजलक्ष्मीनं बटण दाबलं. मालकाच्या जागी त्या मुलीचं नाव उमटलं. “आता सकाळी उठून काय करू गं?” त्यानं विचारलं. तिनं लॅपटॉप मिटला. त्याची बोटं टेबलावर टाइप करतच राहिली.