शेवंताची जागा

भिलाईच्या नव्या कॉलेजने एका चित्रकाराला दर्शनी भिंत सजवायला सांगितलं. कॉलेज बांधणाऱ्या मजुरांचे पंजे ओल्या सिमेंटवर उमटवायचे, असं त्याने ठरवलं. धोंडबाने आपला पंजा दाबला आणि शेजारची जागा अडवून धरली.

"माह्या शेवंताची अर्धी करंगळी इथंच मशिनीत गेली, मंग तापात जीव गेला. तिची जागा राहू द्या जी."

"वहिनी येऊन पंजा लावन का बे?" तेजराम मिस्त्री हसला.

चित्रकाराने जागा सोडली. ती धोंडबाच्या डोळ्यांदेखत कोरी, गुळगुळीत वाळली.

उद्घाटनाला भिंतीवरचा पडदा सरला आणि तेजराम मागे सरकला. सगळ्यांचे पंजे आत दबलेले होते. कोऱ्या जागेतला एक पंजा मात्र बाहेर आला होता, भिंतीच्या आतून कोणी रेटल्यासारखा.

त्या पंज्याची करंगळी अर्धीच होती.