उबेची भिंत

वायरमनने हॉलच्या भिंतीतून काढलेली जुनी वायर बोटांत नुसती धरली, तर वरचं प्लास्टिक भुग्यासारखं गळून पडलं. "सगळ्या घराची बदलायची तर नवीन फरशी विसरा," तो म्हणाला. नवऱ्याला फरशी हवीच होती. "अंथरूण पाहून पाय पसरू. आतली खोली सोडा, तिथे एक दिवा नि एक पंखा." "सोडतो. पण वरच्या मजल्याची लाइन तिथल्याच भिंतीतून गेलीय. बोर्ड तापतो का? जळका वास?" "छे, कधीच नाही," मी म्हणाले, आणि आतली खोली हिशेबातून गेली. तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "बरं केलंत! माझ्या भिंतीला हात लावू नका. काय छान ऊब असते तिला! माझी पाठ शेकून निघते, आणि आता तर बाळही तिलाच चिकटून झोपतं." आठवडाभर अंगावरचा स्वेटर उतरला नव्हता. भिंत कशी गरम राहील? वायरमन मेन स्विचकडे धावला, मी आत. खटकन दिवे गेले. अंधुक खोलीत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, शेजारी बाळ. "अगं, झालं काय?" मी त्यांना हाताला धरून उठवलं, बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं. ते झोपेतच होतं. थंडीने त्याचं नाक गार पडलं होतं, एक गालही. भिंतीकडचा गाल मात्र अजून गरम होता.