रेतीतली हाडं

अर्पितानं सुईचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर लाल केलं आणि कासवाच्या पाठीच्या ढलपीला टेकवलं. वास आला नाही. हजारो वर्षांत हाडाचा दगड झाला की जळण्यासारखं त्यात काही उरत नाही. हाड अलीकडचं असेल तर मात्र केस जळाल्यासारखा वास येतो.

"हे कासव आहे, मावशी. फार जुनं."

समोरच्या स्टुलावर बसलेल्या बिजलीबाईनं मान हलवली. "म्हंजे हे बी नाही."

"नाही."

अर्पिता पुसदच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन ती एका तांड्याजवळच्या नाल्यात जीवाश्म शोधायला गेली, तेव्हा रेतीत उकिडवी बसून बोटांनी खडे चाळणारी ही बाई तिला दिसली होती. "मॅडम, तुमाले हाडं वळखू येतात काय?" एवढंच तिनं विचारलं होतं. तेव्हापासून बाजाराला आली की बिजलीबाई फडक्यात तुकडे बांधून आणायची.

बाकीचं तिच्या नवऱ्यानं, फुलसिंगनं, सांगितलं होतं.

"नऊ वर्सं झाले, मॅडम. नाल्याले पूर आलता. पोरगं गेलं त्यात. पोलीस आले, गळ टाकले, पण काही हाती नाही लागलं. तवापासून पाणी उतरलं का हे रेती उपसत बसते." मग थोडं थांबून तो म्हणाला होता, "काही निघालं तर लपवू नोका. सांगून टाकजा. थकली आता ते."

बिजलीबाईच्या फडक्यातून हत्तीच्या सुळ्याचा तुकडा निघाला होता. एकदा रानबैलाची अख्खी दाढ निघाली. ती पाहून अर्पिता हरखून ओरडलीच. मग समोरचा चेहरा दिसला आणि तिनं दाढ हळूच टेबलावर ठेवली. तिच्यासाठी जे घबाड होतं, ते या बाईसाठी दर वेळी नुसतं 'नाही' होतं.

"राह्यलेले तुकडे इथंच ठेवून जातो," बिजलीबाई उठली. "एसटी चुकन नाही तर."

ती गेल्यावर अर्पितानं उरलेले तुकडे नळाखाली धरले. एक शंख, दोन साधे खडे. शेवटचा तुकडा अंगठ्याएवढा होता, काळपट. माती निघाली तशी त्यात रुतलेली दाढ दिसली.

हातात घेतल्याबरोबर तिला कळलं. तुकडा हलका होता.

तरी तिनं सुई तापवली, टेकवली. वास आला. तिनं दिवा विझवून खिडकी उघडली.

जबड्याचा तुकडा माणसाचा होता. अक्कलदाढ हाडातच होती, बाहेर यायची राहून गेलेली. एकोणीस-वीस वर्षांचं कोणीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटरवरून तांड्याकडे निघाली. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होती आणि सोडून देत होती. 'हे बी नाही' एवढं म्हटलं तरी चालणार होतं. बिजलीबाईनं नेहमीसारखी मान हलवली असती आणि पुन्हा नाल्यात जाऊन बसली असती. वळणावर स्कूटर थांबवून अर्पितानं परत फिरायचाही विचार केला. पण फुलसिंगचं बोलणं आठवलं आणि तिनं गाडी पुढं काढली.

अंगणात कापसाचा ढीग होता. फुलसिंग आणि तिशीतला सुनील, बिजलीबाईचा मुलगा, गाठोडी बांधत होते. सुनीलची लहान मुलगी ढिगावरून घसरत होती. मॅडम आपण होऊन दारात आल्याचं पाहून बिजलीबाई घरातून बाहेर आली.

अर्पितानं कापूस घातलेली डबी पुढं केली.

"मावशी, काल शेवटी जो तुकडा राहिला होता... हा माणसाचा आहे. तरणा मुलगा असावा."

बिजलीबाईनं हात ओढणीला पुसले. डबी घेतली. लहान लेकराचं तोंड पुसावं तसं तिनं त्या दाढेवरून एक बोट फिरवलं.

"याडी," आईला हाक मारत सुनील पुढं आला. त्यानं डबीत पाहिलं. तो कापसाच्या ढिगात खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन हमसाहमशी रडू लागला. त्याची मुलगी घाबरून फुलसिंगला बिलगली.

एवढा मोठा माणूस असा रडताना अर्पितानं पाहिला नव्हता. तिला वाटलं, एका मुलाला नाल्यानं नेलं आणि दुसऱ्यानं नऊ वर्षं आईचं हे शोधणं पाहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. "पोलिसांना कळवावं लागेल," ती म्हणाली. "खात्रीसाठी ते डीएनए जुळवून पाहतील. त्याला आईचं रक्त लागतं. तुम्हाला सरकारी दवाखान्यात यावं लागेल, मावशी. मी येईन सोबत."

"माहं रगत नाही जुळन, मॅडम."

तिला नीट समजलं नसावं, असं अर्पिताला वाटलं. "आईचं जुळतं, मावशी. कितीही वर्षं झाली तरी."

बिजलीबाई सुनीलजवळ गेली. डबी छातीशी धरूनच तिनं दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"माहं पोरगं तर हे हाय. याले पुरातून वर ढकलून जो वाहून गेला, त्याची माय बोरी अरब गावाले राह्यते. रगत तिचं लागन."