चार बोटं पाणथरी

"पोरी, डावीकडे दाब. पाणथरी चार बोटं वाढलीय," मी हळूच सांगितलं.

डॉक्टरकीच्या परीक्षेत मी तपासायला ठेवलेला पेशंट होतो. वर्षभर मुलं माझ्या पोटातली वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, चाचपूनच शिकली, म्हणून मी स्वतःला अर्धा मास्तर समजायचो. ही मुलगी मागच्या खेपेला नापास झालेली. आज तिला मीच पास करणार होतो.

तिने दोनदा दाबून पाहिलं. "आजोबा, हाताला काहीच लागत नाही."

"अगं, आधीच्या तिघांना लागली! मीच सांगितलं त्यांना."

परीक्षक आले. ती चाचरत म्हणाली, "सर, पाणथरी लागत नाही."

मी कपाळावर हात मारला. गेली बिचारी!

"बरोबर," परीक्षक म्हणाले. "औषधाने ती केव्हाच ओसरली. आजोबा, मागच्या आठवड्यात तुम्हाला सांगितलं होतं की, विसरलात? मग त्या तिघांना कशी सापडली?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव सांगितलं नाही.

परीक्षा संपली. दारात ते तिघे माझीच वाट पाहत होते. मी वॉर्डबॉयला म्हणालो, "मला मागच्या दाराने सोड."