फुकटचा एजंट

घर विकायचं ठरलं तेव्हा दोन एजंट येऊन गेले. पहिला दोन टक्के मागत होता. मी आमची अडचण सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं हातच वर केला. "वहिनी, घर का विकताय ते मलासुद्धा सांगू नका. आणि त्या औषधाच्या बाटल्या आधी कपाटात टाका." ह्यांना तो माणूस आगाऊ वाटला.

दुसरा म्हणाला, "तुमच्याकडून एक पैसा नको. माझं मी घेणाऱ्याकडून घेईन." मग लेकीच्या खाटेशी बसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऑपरेशन कधी आहे हो?"

"सोळा तारखेला," हे म्हणाले. "पैसे आदल्या दिवशी भरायचेत."

तो गेल्यावर हे मला म्हणाले, "बघ, जगात माणुसकी आहे अजून. ते दोन टक्के वाचले, तर तिची वर्षभराची औषधं येतील."

त्यानं गिऱ्हाईक आणलं खरं. नवराबायको घरभर फिरले, नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या. घर पसंत आहे म्हणाले. ह्यांना धीर निघेना. "मग किती द्याल? टोकन आजच दिलंत तर बरं होईल."

त्या गृहस्थांनी एकदा एजंटकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"एवढी काय घाई? आम्ही पंधरा तारखेला येतो. किमतीचं तेव्हाच बोलू."